एका झटक्यात सुटणारी गाठ

कुणी हसून चहा पुढे केला की मीटरवाला आधी कपाकडे नाही, देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. वीज कंपनीत तो मीटर तपासायच्या कामावर होता. ज्याच्या मीटरला काही झालेलं नसतं तो माणूस चहा देत नाही, हे त्याला फार लवकर कळलं होतं. असा माणूस दार अर्धं उघडतो, कपाळाला आठी घालतो आणि 'लवकर आटपा' म्हणतो. खुर्ची पुसून देणारा, घरच्यांची ओळख करून देणारा माणूस भेटला की याचे कान टवकारायचे.

मीटरांच्या पेट्या बहुतेक जिन्याखाली असतात. तिथे तो बॅटरी लावायच्या आधी पेटीवरून बोटं फिरवायचा. सगळीकडे धूळ लागायची. जिथे लागायची नाही तिथे कुणाचा तरी हात फिरलेला असायचा. मग सील: शिशाचा बारका गोळा आणि त्यातून ओवलेली तार. तोडून पुन्हा जोडलेलं सील वरून तसंच दिसतं, पण आधीच्या माणसाने तार जशी पिळलेली असते तशी ती दुसऱ्याला पिळता येत नाही. हाताची वळणं वेगळी पडतात. ती त्याच्या बोटांना कळायची.

इतकी वर्षं हे काम केल्यावर ते संध्याकाळी गणवेशाबरोबर उतरेनासं झालं. घरी आला की तो किटलीला हात लावून बघायचा. किटली कोमट असली की विचारायचा, कोण आलं होतं? बायकोने आधी हसून सांगितलं, मग न हसता सांगितलं, मग सांगायचंच सोडलं. एके दिवशी बॅग भरून ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "निघते मी. सील बघून घे, काही तोडून नेत नाहीये." ती गेल्यावर त्याने कपाट उघडून पाहिलं. पाहताना स्वतःची शरम वाटली, तरी पाहिलं.

त्यानंतर तो थोरल्या भावाच्या घरावरच्या खोलीत राहायला आला. खाली दादा आणि वहिनी, वर हा. आईवडील गेले तेव्हा धाकटा शाळकरी होता आणि दादाला नुकतीच मिसरूड फुटत होती. दादाने शिक्षण सोडलं, आगारात बसगाड्या धुतल्या, मग बस चालवायला लागला आणि निवृत्त होईपर्यंत एकाच मार्गावर चालवत राहिला. धाकट्याला बुटाची नाडी बांधायला त्यानेच शिकवलं. त्याची स्वतःची एक गाठ होती. दोन फासे, एक टोक आत दुमडलेलं. दिवसभर धावलं तरी सैल होत नसे, आणि टोक ओढलं की एका झटक्यात मोकळी. "गाठ सोडता आली नाही म्हणून रडत बसायचं नाही," दादा म्हणायचा, "ओढायचं आणि सुटायचं."

वहिनी घरात आली तेव्हा धाकट्याचा आवाज फुटत होता. तिनेही त्याला पोरासारखंच वाढवलं. पण वहिनी बाहेरून आलेली होती आणि बाहेरून आलेल्या कुणालाही मीटरवाल्याने मनातल्या मनात एकदा तरी तपासलं होतं. जगात एकाच माणसावर त्याने कधी बॅटरी मारली नव्हती, तो म्हणजे दादा.

शहराच्या कडेला जिथे शेवटची बस वळसा घेते, तिथून जंगल सुरू होतं. ओढ्याच्या काठाकाठाने वर गेलं की धबधबा. उन्हाळ्यात तिथे निम्मं शहर लोटतं. हिवाळ्यात कुणी फिरकत नाही. झाडं उघडी पडतात, पाण्याचा आवाज लांबून ऐकू येतो, दगडांवर शेवाळ असतं आणि शेवाळावर बर्फाचा पापुद्रा. दादाला हाच मोसम आवडायचा. निवृत्त झाल्यावर त्याने शेजारीपाजारी आणि बसमधले जुने प्रवासी जमवले आणि हिवाळाभर दर रविवारी त्यांना त्या रानात न्यायला लागला.

रानात वाटा उदंड. लाकूडतोड्यांच्या, पाणीखात्याच्या, जनावरांच्या. एकीतून दुसरी फुटायची. कोणत्या वाटेने जायचं ते दादा आधी सांगत नसे. "आयुष्यभर एकच रस्ता होता मला," तो म्हणायचा, "आता माझ्या मनाचा." माणसं आपापल्या चालीने चालत, म्हणून एक रीत पडली होती. वहिनी इस्पितळाच्या कपडे-विभागात शिवणकाम करायची. तिथल्या बाद झालेल्या चादरी फाडून, लाल रंगात बुडवून ती चिंध्या करायची. दादा सगळ्यांत पुढे. प्रत्येक फाट्यावर ज्या वाटेने जायचं तिच्या तोंडाशी तो एका फांदीला चिंधी बांधायचा. मागची माणसं ती बघून वळायची. आणि सगळ्यांत शेवटी मीटरवाला. त्याने टोक ओढायचं, चिंधी खिशात घालायची. शेवटचा माणूस पुढे गेला की रानात काही उरत नसे. गटात त्याला सगळे शेपूट म्हणायचे. त्याला ते आवडायचं. सगळ्यांच्या पाठी दिसत आणि त्याची पाठ कुणाला दिसत नसे.

त्या हिवाळ्यात, धबधब्याच्या अलीकडच्या एका फाट्यावर त्याने चिंधीचं टोक ओढलं आणि काहीच झालं नाही.

हातमोजा काढून त्याने बोटं फिरवली. गाठीवर गाठ मारलेली, आवळून, कोरडी. दादाचा हात नव्हता तो. नखांनी सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. मग सवयीने त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळ्या फांद्यांवर दहिवर जमलं होतं, पांढरं, धुळीसारखं. समोरच्या दुसऱ्या वाटेच्या तोंडाशी मात्र एक फांदी बोटभर रुंदीची ओली, काळी होती. चिंधी आधी तिथे होती. कुणीतरी ती सोडून इकडे आणून बांधली होती.

"शेपूटराव, झोपलात का?" पुढून बेकरीवाली ओरडली. तिची चाल संथ, त्यामुळे शेपटाच्या आधीचा नंबर कायम तिचा. "ब्रेडसुद्धा एवढा वेळ लावत नाही फुगायला."

"येतो," तो म्हणाला. चिंधी त्याने वेगळ्या खिशात ठेवली.

पुढच्या रविवारी तशी आणखी एक गाठ सापडली. त्याच्या पुढच्या रविवारी दोन. सगळ्या फाट्यांवर नाही, मधूनच. कुणाला काही न विचारता तो पुढच्यांच्या पाठी निरखत चालू लागला. शिंप्याचा संशय येण्यात अर्थ नव्हता. तो जुना प्रवासी, हाडकुळा आणि बडबड्या, त्याच्या पोटात काही राहत नसे. बेकरीवाली तर डोळ्यांसमोरच. नवा होता तो औषधवाला. वहिनीच्याच इस्पितळात औषधांच्या खिडकीवर बसायचा, तिच्याच ओळखीने त्या हिवाळ्यात आला होता. हलक्या आवाजात बोलायचा. फाटा आला की हटकून थांबायचा आणि वाकून शेवाळाचे फोटो काढायचा. शेवाळाचे! मीटरवाल्याने मनात म्हटलं, यापेक्षा बरी थाप तरी मारायची.

औषधवाला चालायचा वहिनीच्या जवळ. दोघं बोलत आणि कुणी पाठीमागून आलं की बोलणं थांबे.

एका रविवारी परतताना बसथांब्यावर मीटरवाला खांबाच्या आड बुटातला खडा काढत बसला होता. पलीकडे ती दोघं उभी होती.

"चहातून दिलंत तरी चालेल," औषधवाला म्हणाला. "विरघळते पटकन. चव लागत नाही."

"त्यांना कळता कामा नये," वहिनी म्हणाली.

मीटरवाल्याच्या हातातला बूट तसाच राहिला. समोर दादा बसच्या वेळेवरून शिंप्याशी हुज्जत घालत होता आणि खदखदून हसत होता.

दुसऱ्या दिवसापासून मीटरवाला सकाळचा चहा घ्यायला खाली जायला लागला. वहिनीला त्याचं नवल वाटलं, पण तिने तिसरा कप मांडला. स्वयंपाकघरात खिडकीशी टेबल होतं, एका बाजूला तिचं शिवणयंत्र. ती भांड्यांकडे वळली की हा आपला कप दादापुढे सरकवायचा आणि दादाचा स्वतः उचलायचा. जीभ लावून बघायचा. चव लागत नव्हती. म्हणजे तो बरोबर बोलला होता, औषधवाला. मीटरवाला तो कप शेवटच्या घोटापर्यंत प्यायचा आणि कामावर जाताना स्वतःची नाडी बघायचा. दादाच्या वाट्याचं विष आपण पितो आहोत या विचाराने त्याला भीती वाटायची, आणि खोटं कशाला सांगा, थोडं बरंही वाटायचं.

दादा मात्र उतरणीला लागल्यासारखा दिसत होता. एकदा त्याने विचारलं, "आज बस तू घेतोस का मी घेऊ?" मग स्वतःच हसला. मीटरवालाही हसला. वहिनी हसली नाही. तिने गॅस बारीक केला. मीटरवाल्याने तेही टिपून ठेवलं.

पुराव्याशिवाय बोलायचं नाही ही त्याच्या खात्याची शिस्त होती. चोर पकडायचा तर हात पेटीत असताना. म्हणून त्या रविवारी त्याने शेपटाची जागा सोडली.

कडाक्याची थंडी होती. मोजकीच माणसं आली होती. दादा, वहिनी, औषधवाला, शिंपी, बेकरीवाली आणि तो. ओढ्याच्या पहिल्या वळणापाशी तो बेकरीवालीला म्हणाला, "आज चिंध्या तुम्ही सोडा. माझं पोट बिघडलंय. पावलं बघत येतो मी मागून."

"पोटाला रविवार कळत नाही वाटतं तुमच्या," ती म्हणाली. "जा, जा. आणि वाऱ्याची दिशा बघून बसा."

ती वळणाआड गेल्यावर तो दगडांवरून ओढा ओलांडून पलीकडे गेला. तिकडून उतारावर चढून, काटेरी झुडपांतून वाट काढत, धापा टाकत तो सगळ्यांच्या पुढे निघाला आणि धबधब्याखालच्या शेवटच्या फाट्यापाशी एका आडव्या पडलेल्या झाडामागे बसला. इथून दोन वाटा धबधब्याला जात. उजवी खालून, पाण्याच्या कडेकडेने कुंडापाशी. डावी वरून, कड्याच्या पट्टीवरून. उन्हाळ्यात तिथून सगळं खोरं दिसतं, हिवाळ्यात धबधब्याचे तुषार तिच्यावर गोठतात. दोन्ही वाटांची तोंडं दाट झुडपांत शिरायची, त्यामुळे फाट्यावरचं माणूस दिसे, पण पुढे कुठे गेलं ते दिसत नसे.

दादा आला. एकटा, काठी टेकत. फाट्यावर थांबला, खिशातून चिंधी काढली, माणसं येतायत का बघायला मागे वळला आणि मागे बघतबघतच त्याने चिंधी बांधली. डावीकडे. वरच्या वाटेला.

मीटरवाल्याच्या मनात क्षणभर आलं की या थंडीत वरून? पण दादाने बांधली म्हणजे विचार करूनच बांधली असणार. तो विचार त्याने तिथेच सोडला. दादा झुडपात दिसेनासा झाला.

थोड्या वेळाने वहिनी आली, मागे औषधवाला. वहिनी सरळ डाव्या फांदीपाशी गेली. टोक ओढलं. चिंधी सुटली. ती उजवीकडे आली आणि तिने ती खालच्या वाटेच्या फांदीला बांधली, एक गाठ, वर दुसरी, आवळून. औषधवाला तोवर मागच्या वळणाकडे तोंड करून उभा होता, पहाऱ्याला उभं राहतात तसा. मग त्याने खिशातून पांढरी पुडी काढून तिला दिली. तिने ती कोटाच्या आतल्या खिशात घातली. दोघं झुडपात शिरली.

मीटरवाल्याच्या पाठीला खाण्याचं गाठोडं होतं. दर रविवारी वहिनी त्याला ब्रेड आणि उकडलेली अंडी फडक्यात बांधून द्यायची आणि दर रविवारी धबधब्यापाशी बसून तो त्या फडक्याची गाठ दातांनी सोडवायचा. गाठीवर गाठ, आवळलेली, कोरडी. इतके दिवस ती त्याच्या तोंडात होती.

त्याच्या डोक्यात सगळं एका तारेत ओवलं गेलं. दादा वरच्या बर्फाळ वाटेवर एकटा. मागची सगळी माणसं खालून. दादाचा पाय घसरला तर बघायला कुणी नाही. आणि घसरेलच, रोज सकाळी चहातून काय जातंय कुणास ठाऊक.

तो झाडामागून उठला. वहिनीची गाठ सोडवायला वेळ लागला. चिंधी त्याने पुन्हा डावीकडे नेली, दादाने बांधली होती त्याच फांदीला, दादाच्याच गाठीने. दोन फासे, एक टोक आत. सील जसं होतं तसं. मग दादाला गाठायला तो वरच्या वाटेने धावत सुटला.

वाट चढून पट्टीवर आली तेव्हा त्याचे पाय आपोआप थांबले. समोर सगळं दहिवराने पांढरं होतं. वाळलेलं गवत, दगड, वाटेवरची पानं. त्या पांढऱ्यावर कुठेच काही उमटलेलं नव्हतं. बुटाचं नाही, काठीच्या टोकाचं नाही. त्याने वाकून बोट टेकलं. जिन्याखालच्या पेटीवरची धूळ असावी तसं ते अखंड होतं. इथे कुणाचा हात लागला नव्हता. इथून आज कुणी गेलंच नव्हतं.

दादा खालून गेला होता. चिंधी वर बांधून स्वतः खालून.

तो तसाच वाकून राहिला. बॅटरी एकदा लागली की जे दिसतं ते दिसतं. आज बस तू घेतोस का मी घेऊ. बारीक केलेला गॅस. तीन कप.

"अहो शिंपीबुवा, ही वाट आहे का आरसा?" मागून आवाज आला. "आणि दादांनी आज हे काय काढलंय?"

बेकरीवाली आणि शिंपी पट्टीवर आले होते. तो "थांबा! मागे फिरा!" असं ओरडला, आणि ओरडल्यामुळेच ती दचकली. तिचा एक पाय पुढे गेला, दुसरा बाहेर, आणि ती अख्खी कडेकडे घसरायला लागली. मीटरवाला पोटावर पडला आणि त्याच्या हाताला तिच्या पाठपिशवीचा पट्टा लागला. मागून शिंप्याने तिचा पाय धरला. तिघं तशीच पडून राहिली. बर्फावरून एक खडा सुटला आणि खाली कुंडात पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

"सोडू नका," बेकरीवाली अगदी हळू म्हणाली. तिचा तो आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. मग जरा वेळाने, "शिंपीबुवा, पाय धरलाय, माप घेऊ नका."

खाली कुंडापाशी दादा उभा होता. बसमधल्या सवयीने तो बोट हलवत माणसं मोजत होता. वहिनी, औषधवाला. पुन्हा मोजलं. मग वर पाहिलं. वहिनीनेही वर पाहिलं. एवढ्या लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती मीटरवाल्याकडेच बघत होती.

रांगत मागे फिरून, फाट्यावरून ते खाली आले. बेकरीवालीचं मनगट टम्म सुजलं होतं. औषधवाल्याने तिला दगडावर बसवलं आणि लाल चिंध्यांनीच मनगट घट्ट बांधलं. फाट्यावरची चिंधी वर चढतानाच शिंप्याने बेकरीवालीसाठी सोडून खिशात घातली होती. ती त्याने दादापुढे धरली.

"दादा, रागावू नका. पण या दिवसांत वरून? जीव गेला असता बाईचा."

"वर बांधली होती?"

"वरच. तुमचीच गाठ. ओढली आणि सुटली."

दादाने चिंधी हातात घेतली. तिच्यावर गाठीची चुणी होती. तो ती निरखत राहिला. मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिला, पुढून, मागून, जणू ते कुणीतरी त्याच्याकडे ठेवायला दिले होते. मीटरवाल्याला त्याचा चेहरा बघवेना. आयुष्यात त्याने कितीतरी माणसं पकडली होती. पकडल्यावर ती चिडत, रडत, शिव्या देत. दादा तसं काहीच करत नव्हता. तो आठवायचा प्रयत्न करत होता.

"माझीच असेल," दादा म्हणाला. "असं कसं झालं पण..."

"गाठ मी बांधली," मीटरवाला म्हणाला.

सगळे वळले.

"खालून काढली आणि वर बांधली. मी पुढून आलो होतो. म्हटलं, वरून खोरं बघू एकदा. गंमत वाटली."

यात खोटं फारसं नव्हतं, तरी सगळं खोटं होतं. बेकरीवालीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला शिवी परवडली असती. "पोट बिघडलं होतं ना तुमचं?" ती म्हणाली. "गंमत! माझा हात मोडता मोडता राहिला आणि याला गंमत." शिंपी काही बोलला नाही, आणि शिंपी गप्प बसला म्हणजे प्रकरण गंभीर. औषधवाल्याने मान खाली घातली. वहिनी पाण्याकडे बघत होती.

दादा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. "तू?" तो म्हणाला. "तू कधी वाट बदलली नाहीस." आणि त्याने धाकट्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ती नजर मीटरवाल्याच्या ओळखीची होती. रोज सकाळी आरशात दिसायची. दादाच्या डोळ्यांत ती त्याने पहिल्यांदाच पाहिली.

संध्याकाळी दादा बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत झोपला होता. स्वयंपाकघरात वहिनी यंत्रावर चादरीची कड मारत होती. मीटरवाला दारात उभा राहिला. यंत्र थांबलं नाही.

"कधीपासून, वहिनी?"

"मागच्या हिवाळ्यापासून. डॉक्टरला दाखवलंय." यंत्र खडखडत राहिलं. "पाय चुकत नाहीत अजून. पण बांधताना मागे वळून बघतो ना, तेव्हा डावं-उजवं फिरतं त्याचं. इतकी वर्षं आरशात बघून बस चालवली. त्याला वाटतं तो अजून आरशातच बघतोय. मी मागून जाते, त्याची पावलं कुठे वळलीत ते बघते आणि चिंधी सरळ करते. त्याची ती गाठ काही मला कधी जमली नाही."

"आणि चहात?"

"आठवणीचं औषध. हातात गोळी दिली की भिरकावतो. म्हणतो, मी काय म्हातारा झालो?" आता तिने यंत्र थांबवलं. "कप तू बदलत होतास ना? मला वाटायचंच. घरात औषध चालू आणि माणूस दिवसेंदिवस खाली. तरी म्हटलं, तुला हल्ली माझ्या लग्नातल्या गोष्टी कशा आठवायला लागल्या!"

त्याला हसू आलं आणि हसू येताच रडूही. ती मात्र हसली नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच्याकडे मीटरकडे बघतोस तसं बघितलं असतंस. रोज. चमचा कुठे ठेवला, दिवा का विसरला. तू एकटाच होतास या घरात, त्याच्याकडे तसं न बघणारा. म्हटलं, तेवढं तरी राहू दे त्याला." तिने दोरा दातांनी तोडला. "आणि आता तो तुझ्याकडे बघतोय. दुपारपासून दोनदा विचारलं मला, हा असं का वागला म्हणून. बाकी सगळं विसरतो. हे विसरेना."

"विसरू देऊ नको," मीटरवाला म्हणाला. का म्हणाला ते त्यालाही तेव्हा कळलं नाही.

पुढच्या रविवारी बेकरीवाली मनगटाला पट्टी बांधून आली. बस वळसा घेऊन गेली आणि ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "शेपूट आजपासून पुढे. डोळ्यांसमोर असलेलं बरं. मागचं शिंपीबुवा बघतील." कुणी हरकत घेतली नाही. दादाने तर मान डोलावली. "माझ्याबरोबर चाल," तो म्हणाला. "आणि हात खिशात."

मीटरवाल्याने हात खिशात घातले. रानात दहिवर होतं. दोघं भाऊ पुढे चालत होते. मागे वहिनी, तिच्या मागे औषधवाला.

पहिला फाटा आला. दादा थांबला, खिशातून चिंधी काढली. मीटरवाला त्याच्या बुटांकडे बघत होता. बूट आधीच उजवीकडे वळले होते, त्यांना शंका नव्हती. मीटरवाला दोन पावलं पुढे जाऊन उजव्या वाटेच्या तोंडाशी उभा राहिला, फांदीला खेटून.

दादा माणसं बघायला मागे वळला. चिंधी धरलेला हात डावीकडे निघाला. मग त्याला आठवलं की धाकटा नजरेसमोर नाही. तो चटकन फिरला.

"तिथे काय करतोयस?"

"उभा आहे. इथे जरा ऊन लागतंय."

ऊन कुठेच नव्हतं. दादाने आभाळाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, धाकट्याच्या खिशातल्या हातांकडे पाहिलं. मग त्याच्यावरची नजर न काढता तो जवळ आला आणि त्याच्या खांद्याशेजारच्या फांदीला चिंधी बांधायला लागला. दोन फासे. बोटं थंडीने की कशाने अडखळली. एक टोक आत जाईना. मीटरवाला खिशातल्या मुठी आवळून दुसरीकडे, ओढ्याकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने दादाने गाठ ओढून पाहिली.

"हात लावलास तर बघ."

"नाही लावत, दादा."

ते पुढे निघाले. थोड्या अंतराने मागे वहिनीच्या पावलांचा आवाज फाट्यापाशी आला. तो थांबला नाही. तसाच पुढे येत राहिला.

पुढच्या फाट्यावर मीटरवाला पुन्हा दोन पावलं पुढे जाऊन उभा राहिला, आणि दादा पुन्हा त्याच्यावर डोळा ठेवून त्याच्यापाशीच आला.